गीझर गुरगुरतो तेव्हा...

सोमवार, सकाळचे सात दहा. नऊला क्लायंट मीटिंग, केसांना शाम्पू आणि डोक्यावरच्या गीझरमधून अचानक 'गुड... गुड... ठाक!' मी टॉवेल गुंडाळून थेट बाहेर. रूममेट शांतपणे चहा पीत म्हणाली, "अगं, महिनाभर असाच ओरडतोय. दुर्लक्ष कर."

दुर्लक्ष करणं हा आपल्या पिढीचा फेव्हरिट फंडा. गाडीतून आवाज येतोय? म्युझिक वाढवा. गुडघ्यातून येतोय? जिम बदला. गीझरमधून येतोय? बाथरूमचं दार ओढून घ्या!

पुढच्या आठवड्यात गीझरखालच्या छोट्या पितळी व्हॉल्व्हमधून थेंब पडायला लागले. प्लंबर आला, वर बघून म्हणाला, "मॅडम, इथून गळतंय. डमी मारून टाकतो. दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचं काम! आणखी काय हवं? पण त्या मापाची डमी त्याच्याकडे नव्हती. "सोमवारी आणतो," म्हणाला. मध्ये लाँग वीकेंड होता. मी बॅग भरली आणि पुण्याहून आजोळी, अंजनवेलला निघाले.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं की अंजनवेल जवळच. वाशिष्ठीचं मुख, गोपाळगड, दीपगृह आणि आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब. बंब न पाहिलेल्यांसाठी : मधोमध नळकांडं, त्यात जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. आजी त्यात नारळाची सोडणं आणि करवंट्या घालते. थोड्या वेळानं तो 'सूंऽऽ' असा बारीक गायला लागतो. पाणी लवकर तापावं म्हणून मी शहाणपणानं वरचं झाकण गच्च बसवलं आणि त्यावर एक दगड ठेवला. आजी धावतच आली. "काय गो, त्याचा श्वास कोंडतेस?"

माझी ट्यूब तेव्हा पेटली नाही. ती पेटवली मामानं. अंजनवेललाच एन्रॉनचा तो गाजलेला वीजप्रकल्प झाला. 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला आणि 2005 नंतर रत्नागिरी गॅस अँड पॉवर झाला. मामा तिथे काही वर्षं कामाला होता. अशा प्रकल्पांत गॅस टर्बाइनमधून निघणाऱ्या गरम धुरावर पाण्याची वाफ करतात. त्यामुळे पाणी आणि उष्णता यांची भांडणं त्याला पाठ.

मी आवाजाची नक्कल करून दाखवली. त्यानं एकच प्रश्न विचारला, "कधी येतो?"

आवाज ओळखायची पहिली पायरी हीच. तो 'कसा' येतो यापेक्षा 'कधी' येतो ते बघायचं. नळ झटकन बंद केल्यावर किंवा वॉशिंग मशीननं पाणी घेणं थांबवल्यावर एकदाच 'ठक्' झालं, तर दोष गीझरचा नाही. पाइपातलं धावतं पाणी अचानक अडलं आणि भिंतीसारखं आपटलं, एवढंच. नळ हळू बंद करा, सैल पाइपाला क्लॅम्प मारून घ्या. गीझर बंद केल्यावर 'टिक... टिक...' येत असेल, तर तो निवणारा धातू आहे. बिनधास्त झोपा. पण तडतड येतेय, जळका वास येतोय किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतायत? मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याआधी आंघोळ नाही!

आणि लाल दिवा लागलेला असतानाच गुडगुड येत असेल तर? "क्षार," मामा म्हणाला.

कोकणात जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं. आपल्याकडे सोसायट्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी. ते बेसाल्टातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. असं पाणी तापलं की क्षाराचा पांढरा थर कॉइलवर बसतो. थराखाली अडकलेलं पाणी जास्त तापतं, त्याची फटकन वाफ होते, आणि वरच्या गार पाण्यात तो बुडबुडा फुटतो. हीच ती गुडगुड. बंबाचं गाणंही बुडबुड्यांचंच, पण तिथे ते बारीक असतात आणि वाट मोकळी असते. गाणं आणि खोकला यातला फरक!

मजा म्हणजे यानं विजेचं बिल फारसं वाढत नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. मरते ती कॉइल. थराच्या आत ती स्वतःच तापत राहते आणि एक दिवस जळते.

मग मी सहज सांगितलं, "आणि तो गळका व्हॉल्व्ह सोमवारी बंद करतोय." मामाचा चहाचा कप हवेतच थांबला.

तो प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह होता. पाणी 25 अंशांवरून 70 पर्यंत तापलं की साधारण दोन टक्के फुगतं. म्हणजे 15 लिटरच्या टाकीत जवळपास 300 मिली, दीड पेला पाणी! त्याला जायला जागा हवी, म्हणून तापताना चार थेंब पडणं नॉर्मल आहे. सतत धार लागली, तर व्हॉल्व्ह खराब असेल किंवा सोसायटीच्या पंपाचं प्रेशर जास्त असेल. व्हॉल्व्ह बदला, प्रेशर तपासा. पण डमी? कधीच नाही. उद्या थर्मोस्टॅट अडकला तर पाणी शंभरच्या वर तापत राहील. टाकी फुटली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. तुमच्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये.

आजीनं दगड का काढायला लावला, ते मला त्या क्षणी कळलं.

सोमवारी प्लंबर डमी घेऊन हजर! मी त्याला चहा पाजून परत पाठवला आणि सर्व्हिसवाल्याला बोलावलं. मेन स्विच बंद, टाकी रिकामी, कॉइल बाहेर. ती साखरेत घोळवलेल्या शंकरपाळ्यासारखी दिसत होती. तळातून अर्धी बादली पांढरी खडी निघाली. क्षार काढले, झिजलेला मॅग्नेशियमचा रॉड बदलला, व्हॉल्व्ह नवा बसवला. थर्मोस्टॅट 75 वरून 55 वर आणला, कारण पाणी जितकं जास्त गरम, तितके क्षार लवकर बसतात. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा हे करून घ्यायचंच.

आणि हो, गॅस गीझरवाल्यांनो! पेटताना 'भक्क' आवाज आला तर गॅस उशिरा पेटतोय, बर्नर तपासून घ्या. पण तुमचा खरा शत्रू आवाजच करत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. खिडकी उघडी हवी, आणि गीझर बाथरूमच्या बाहेर असेल तर उत्तमच.

आता आमचा गीझर फक्त 'सूंऽऽ' करतो. व्हॉल्व्हखाली रूममेटनं एक मग ठेवलाय. सकाळी त्यात थोडं पाणी साठलेलं असतं. ते ती मनीप्लांटला घालते, आणि मला बरं वाटतं. श्वास चालू आहे म्हणायचा!