मोडीत निघालेला ताईत

जुना दागिना मोडून नवा केला तर बिघडले काय, असे विचारणाऱ्यांशी माझे भांडण आहे. आमच्या घरी एक ताईत होता. करंगळीच्या पेराएवढी सोन्याची पेटी, आत लाख भरलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. दृष्ट लागू नये म्हणून आजीने तो वडिलांच्या गळ्यात बांधला. पुढे तो माझ्या गळ्यात आला. दृष्ट लागते यावर माझा काडीइतका विश्वास नाही. पण त्या मऊ सोन्यावर वडिलांच्या दुधाच्या दातांचे व्रण होते आणि त्यांच्याशेजारी माझे.

सराफाने लाख काढली, घट धरली, हिशेब चोख दिला. व्रणांचा रकाना पावतीत नव्हता. दोष त्याचा नाही. ताईत घेऊन मीच गेलो होतो. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटांहून उंची सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी केली, तेव्हा केवढा आक्रोश झाला! घरातल्या जुन्या दागिन्यांना त्या सरकारनेही हात लावला नव्हता. तो आम्ही लावला, आणि तोही हौसेने.

पाडव्याला मोड घेऊन निघालेल्या वाचकांनो, आधी तो दागिना उजेडात धरून नीट पाहा.