संवादातून वगळलेला प्रश्न

मार्च २००६ मध्ये अब्दुल रहमान नावाच्या एका अफगाण नागरिकावर काबूलमध्ये खटला उभा राहिला. इस्लाम सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, एवढाच त्याचा अपराध आणि त्यासाठी शिक्षा मृत्युदंडाची. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्यासह अनेकांनी रदबदली केली. अखेर त्याच्या मानसिक स्थितीचे निमित्त पुढे करून त्याची सुटका झाली व इटलीने त्याला आश्रय दिला. जीव वाचला, परंतु मनुष्याला आपला धर्म सोडण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

ख्रिस्ती-इस्लामी धर्मसंवादाने गेली दोन दशके नेमक्या याच प्रश्नाला बगल दिली आहे. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला रेगेन्सबर्ग येथील व्याख्यानात पोपनी बायझंटाइन सम्राट दुसरा मॅन्युएल आणि एक पर्शियन विद्वान यांच्यातील जुन्या वादाचा दाखला दिला. श्रद्धा बळजबरीने लादता येत नाही, हा त्यातील मुद्दा होता. मात्र सम्राटाचे इस्लामविषयीचे कठोर उद्गारही त्यात होते. पॅलेस्टिनी प्रदेशातील चर्चवर हल्ले झाले, पोपना खेद व्यक्त करावा लागला आणि मूळ मुद्दा गदारोळात बुडाला.

पुढच्या वर्षी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले. पत्र सभ्य, अभ्यासपूर्ण होते, हे मान्य केलेच पाहिजे. ईश्वरावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, ही दोहोंची समान भूमी त्यात सांगितली होती. पण यावर भांडण होते कोणाचे? येशू क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, या श्रद्धेवर चर्च उभे आहे. त्याला क्रुसावर मारलेच नाही, असे कुराण सांगते. ज्या संवादात ही दरी ओलांडून पुढे जायचे ठरते, त्याला धर्मचर्चा म्हणावे की शिष्टाचार?

परीक्षेची घडी लगेच आली. २२ मार्च २००८ रोजी पोपनी इजिप्तमध्ये जन्मलेले इटालियन पत्रकार माग्दी अल्लाम यांना स्वहस्ते बाप्तिस्मा दिला. त्या पत्रावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एका विद्वानाने या कृतीवर जाहीर टीका केली. आणखी पाच वर्षांनी अल्लाम यांनी चर्चही सोडले; इस्लामपुढे ते दुबळे ठरते, ही त्यांची तक्रार!

येथे चर्चनेही फार ताठ मानेने बोलू नये. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले, आणि धर्मस्वातंत्र्याला व्हॅटिकनने अधिकृत मान्यता दिली ती थेट १९६५ मध्ये. परंतु दिली, लेखी दिली. तसाच निःसंदिग्ध शब्द समोरच्या पक्षाकडून मागण्याचा नैतिक अधिकार त्यामुळेच चर्चला प्राप्त होतो.

तो मागितला गेला का? फेब्रुवारी २०१९ मध्ये अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यात श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, धर्माच्या सक्तीचा निषेधही आहे. सुन्नी न्यायपरंपरेच्या प्राचीन ग्रंथांत धर्मत्यागाला सांगितलेल्या मृत्युदंडाविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. आणि अब्दुल रहमानच्या मायभूमीवर ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा तालिबानची सत्ता आहे.