२९ मे १९६८ : मुंबईत नेमके कोणते जगज्जेतेपद जिंकले गेले?

१/
समाजमाध्यमांवर इतिहासाच्या नावाने फिरणाऱ्या मजकुरात एक ओळ पुन्हा पुन्हा आढळते : २९ मे १९६८ रोजी दारा सिंग यांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवून कुस्तीचे जगज्जेतेपद पटकावले. या ओळीचे दोन भाग पाडावेत. मुंबईत लढत झाली आणि दारा सिंग विजयी घोषित झाले, हा पहिला भाग खरा. जगज्जेतेपद पटकावले, हा दुसरा भाग पुराव्यापुढे टिकत नाही. आजचा धागा या दुसऱ्या भागाविरुद्ध आहे. दारा सिंग यांच्याविषयीचा आदर कायम ठेवूनच तो लिहिला आहे, हे आरंभीच नमूद करतो.

२/
प्रतिस्पर्धी कोण होता, ते प्रथम पाहू. लू थेझ यांचा जन्म २४ एप्रिल १९१६ चा. वयाच्या २१ व्या वर्षी, १९३७ च्या अखेरीस, ते प्रथम जगज्जेते म्हणवले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ या अमेरिकी संघटनेचा जागतिक किताब त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. कुस्तीचे अस्सल डावपेच जाणणारा मल्ल म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती यथार्थ होती. परंतु मुंबईच्या लढतीच्या दिवशी ते ५२ वर्षांचे होते. दारा सिंग ३९ वर्षांचे. हा तपशील त्या अभिमानाच्या ओळीत कधीच येत नाही.

३/
आता किताबाविषयी. थेझ यांनी अलायन्सचा किताब ७ जानेवारी १९६६ रोजी सेंट लुईस येथे जीन किनिस्की यांच्याकडे गमावला होता. मुंबईची लढत झाली त्या दिवशी तो किनिस्की यांच्याकडेच होता आणि फेब्रुवारी १९६९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. न्यूयॉर्ककडच्या संघटनेचा किताब ब्रुनो सॅमार्टिनो यांच्याकडे होता. मिनिआपोलिसच्या ‘अमेरिकन रेसलिंग असोसिएशन’चा व्हर्न गान्ये यांच्याकडे. तीन बड्या संघटना, तीन जगज्जेते, आणि त्यांत थेझ यांचे नाव नाही. जो किताब पराभूताच्या कमरेला नव्हताच, तो विजेत्याच्या कमरेला कसा आला?

४/
एकाच वेळी तीन जगज्जेते कसे, असा प्रश्न तरुण वाचकाला पडला पाहिजे. उत्तर साधे आहे. व्यावसायिक कुस्तीतील किताब ही आयोजकांच्या कंपनीची मालमत्ता होती आणि आहे. अलायन्सची स्थापना १९४८ साली आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे आयोजकांनीच केली. त्यांनी अमेरिकेचे प्रांत आपसांत वाटून घेतले आणि सर्वांनी मिळून एकच जगज्जेता मानायचे ठरवले. ही मक्तेदारी इतकी उघड होती की, १९५६ साली अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याने तिच्यावर कारवाई केली. खेळाडूंचा महासंघ जगज्जेता ठरवतो, तशी ही व्यवस्था नव्हती; तो व्यापाऱ्यांचा संघ होता.

५/
या व्यापारात फिरत्या जगज्जेत्याचे काम ठरलेले असे. गावोगावी जायचे, तिथल्या लाडक्या मल्लाशी लढायचे आणि तो जगज्जेत्याच्या तोडीचा आहे, असे प्रेक्षकांना वाटायला लावून पुढच्या गावाला निघायचे. कधी लढत बरोबरीत सोडवायची, कधी निसटता विजय घ्यायचा, आणि पट्टा पणाला नसेल तेव्हा हारही पत्करायची. तिकिटे पुन्हा खपली पाहिजेत, एवढाच हेतू. थेझ या कामातले पारंगत उस्ताद होते. स्थानिक नायकाला मोठे करणे हे त्यांच्या पेशाचे कौशल्य होते, आणि पुढे दारा सिंग यांच्या तयारीची त्यांनी स्तुतीही केली.

६/
निकाल आधी ठरतो, हे आम्ही तर्काने म्हणत नाही. या व्यवसायाने स्वतःच ते कबूल केले आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये, आज ‘डब्ल्यू. डब्ल्यू. ई.’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला कार्यक्रम ही खरीखुरी क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन आहे, अशी भूमिका मांडली. कारण व्यावहारिक होते : क्रीडास्पर्धा म्हटले की सरकारी नियंत्रण आणि कर आले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले गुपित अखेर पैसे वाचवण्यासाठी फोडले गेले. त्याला आता पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमचे इतिहासप्रेमी मात्र अजून ते गुपित राखून आहेत.

७/
यावर एक आक्षेप ठरलेला : ‘ते अमेरिकेत असेल, आमच्याकडची कुस्ती खरी होती.’ जपानकडे पाहावे. युद्धात होरपळलेल्या त्या देशाला रिकिदोझान हा नायक मिळाला. ऑक्टोबर १९५७ मध्ये याच थेझ यांनी टोकियोत त्याच्याशी लढत बरोबरीत सोडवली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ते त्याच्याकडून हरले आणि त्या हारीतून एक ‘आंतरराष्ट्रीय’ किताब जपानला मिळाला. अलायन्सचा जागतिक किताब त्या दिवशीही थेझ यांच्याकडे नव्हता. दहा वर्षांनी मुंबईत तोच अनुभवी पाहुणा, तसाच राष्ट्रनायक आणि तसाच निकाल. याला योगायोग म्हणायचे असेल, तर तो फारच शिस्तबद्ध योगायोग आहे.

८/
आपल्याकडे गोंधळ वाढवला तो एका शब्दाने. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत तिकीट लावून होणाऱ्या या कुस्त्यांना सर्रास ‘फ्री स्टाइल’ म्हणत. वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम हे त्यांचे एक प्रसिद्ध ठिकाण. तिथे दोनशे किलोंच्या आसपास वजनाचा किंगकाँग येई, आणि दारा सिंग त्याला उचलून आपटीत. ऑलिंपिकमधील कुस्तीच्या एका प्रकाराचे नावही फ्रीस्टाइलच. एकात गुण, वजनगट, पंच आणि आंतरराष्ट्रीय महासंघ. दुसऱ्यात आयोजक आणि तिकीटखिडकी. नाव एकच असल्याने दोन्ही एकाच पंगतीत बसले.

९/
खरी लढत कशी दिसते, याचा नमुना हवा असेल तर लंडनला जावे. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा आणि स्टानिस्लाउस झिबिस्को समोरासमोर आले. गामाचा जोर ओळखून झिबिस्को पोटावर पालथा पडून राहिला आणि सुमारे अडीच तास तसाच चिकटून बसला. लढत बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा लढायचे ठरले, तर झिबिस्को आलाच नाही. ना उड्या, ना आपटाआपटी. प्रेक्षक कंटाळले असतील तर नवल नाही. पराभव टाळण्यासाठी माणूस असाच कंटाळवाणा वागतो. ठरलेल्या लढतीत ही भीती नसते, म्हणूनच ती इतकी रंगते.

१०/
आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. ‘ती सगळी नाटकेच होती,’ असे म्हणून हे लोक दारा सिंग यांना निकालात काढतात. मराठी माणसाने तरी नाटक हा शब्द शिवीसारखा वापरू नये. नारायणराव राजहंस स्त्री नव्हते, म्हणून बालगंधर्वांची कला कोणी खोटी ठरवली नाही. किंगकाँगसारखे धूड खांद्यावर घेणे, रोज लाकडी फळ्यांवर पाठ टेकवणे, समोरच्याला इजा न करता आपटणे, हे कष्टाचे आणि जोखमीचे कसब आहे. अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावचा मुलगा या कसबावर देशाचा आवडता झाला. ती कमाई खरी आहे.

११/
मात्र नाटकगृहातील प्रेक्षकाला आपण नाटक पाहतो आहोत, हे ठाऊक असते. वरळीच्या प्रेक्षकाला ते सांगितले गेले नव्हते. त्याला स्पर्धेचे तिकीट विकले आणि प्रयोग दाखवला. त्या काळच्या आयोजकांचा तो धंदा होता; आज त्यांच्यावर खटला भरून उपयोग नाही. पण आपण तिकीट विकत नाही. आपल्यापुढे दिनांक आहेत, किताबांच्या नोंदी आहेत, व्यवसायाची कबुली आहे. हे सारे हाताशी असून जो १९६८ ची जाहिरात इतिहास म्हणून पुढे पाठवतो, तो त्या आयोजकाचा बिनपगारी नोकर आहे.

१२/
यात कोणाचे नुकसान झाले, असे विचाराल. त्याच दशकातील दोन नावे सांगतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सांगली जिल्ह्यातील दोन मल्लांनी सुवर्णपदक मिळवले : पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुती माने. तिथे वजनकाटा होता, पंच होते आणि पाहुण्याने हरण्याचा करार नव्हता. मुंबईच्या कार्यक्रमाला त्या वेळी सहा वर्षे अवकाश होता. थेझ यांचे नाव तुम्हांपैकी अनेकांनी ऐकले आहे. या दोघांचे किती जणांनी ऐकले होते?

१३/
त्याआधी दहा वर्षे मागे चला. जुलै १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात, फ्रीस्टाइल कुस्तीतच, कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पुढचे वैयक्तिक पदक भारताला मिळाले ते १९९६ साली, लिअँडर पेस यांच्याकडून. कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली, सुशील कुमार यांच्याकडून. मध्ये अनुक्रमे ४४ आणि ५६ वर्षे गेली.

१४/
खाशाबा १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जात होता. त्यांना तो मरणोत्तर मिळाला. हयातीत पद्म सन्मानही मिळाला नाही. याचा दोष दारा सिंग यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, आणि तसे कोणी मारूही नये. दोष आहे तो मोजमापाचा. ज्या समाजाला प्रयोगातला विजय आणि स्पर्धेतला विजय सारखाच वाटतो, तो समाज साहजिकच अधिक रंगलेल्या विजयाकडे वळतो. आणि हेलसिंकीचे पदक कांस्याचे होते, त्यात ‘जगज्जेता’ हा शब्द नव्हता.

१५/
‘नव्या राष्ट्राला नायक हवा होता, त्याने लोकांना धीर दिला, मग बिघडले कुठे?’ हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. नायक हवा होता, हे मान्य. पण त्या गरजेवर धंदा कोण करत होते, तेही पाहा. मे २०१७ मध्ये ‘बॅकलॅश’ या पे-पर-व्ह्यू कार्यक्रमात कॅनडात जन्मलेल्या, पंजाबी वंशाच्या जिंदर महाल यांना अचानक मोठा किताब देण्यात आला. त्यामागे भारतीय बाजारपेठेवरची नजर होती, असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. नोव्हेंबरमध्ये तो काढूनही घेतला गेला. आपल्या अभिमानाची किंमत सहा महिन्यांच्या हिशेबात मांडली गेली.

१६/
हे सारे दूरचे वाटू नये. २०१२ साली दूरचित्रवाणीवर आलेला ‘रिंग का किंग’ हा असाच कार्यक्रम पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात चित्रित झाला. पनवेलहून द्रुतगती मार्गाने दोन तासांची वाट. आणि इथे, पनवेल-उरणच्या गावांत, जत्रेच्या दिवशी अजून कुस्त्यांचा फड लागतो. पोरासोरांच्या जोडीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सारे गाव कड्याने उभे असते. तिथे जोड संशयास्पद वाटली, तर म्हातारेकोतारे भर फडात ‘ही लुटुपुटूची आहे’ म्हणून ओरडतात आणि इनाम रोखून धरतात. त्यांच्याइतकी चिकित्सा इतिहासाच्या अभ्यासकाकडे असू नये काय?

१७/
तेव्हा पुढे कोणत्याही ‘जगज्जेत्या’ची पोस्ट समोर आली, तर चार प्रश्न विचारा. किताब कोणत्या संस्थेचा? लढतीच्या आदल्या दिवशी तो कोणाकडे होता आणि दुसऱ्या दिवशी कोणाकडे? लढतीचे पंच कोणी नेमले? पराभूताच्या देशातील नोंदींत या पराभवाचा उल्लेख कसा आहे? चारांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर पोस्ट पुढे पाठवू नका. हे प्रश्न कुस्तीपुरते नाहीत. गडाच्या लढाया, तहांच्या अटी, वंशावळी, सर्वत्र ते थोड्या फरकाने लागू पडतात.

१८/
छायाचित्र मात्र अवश्य जपा. त्याखालची ओळ तेवढी बदला. आमच्या मते ती अशी असावी : ‘२९ मे १९६८, मुंबई. व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमात दारा सिंग (वय ३९) यांनी अमेरिकेचे माजी जगज्जेते लू थेझ (वय ५२) यांच्यावर विजय मिळवला. त्या दिवशी कोणत्याही प्रमुख संघटनेचा जागतिक किताब थेझ यांच्याकडे नव्हता.’ आणि २३ जुलै हा खाशाबांच्या हेलसिंकीतील पदकाचा दिवस आहे. त्या दिवशी त्यांचे छायाचित्र लावा. त्याखालच्या ओळीत एकही शब्द बदलावा लागणार नाही.