टाकीतली बोटभर नळी

मागच्या खेपेला चेन आणि स्प्रॉकेटबद्दल लिहिलं, तर उलट प्रश्न आले ते भलत्याच विषयावर. प्रश्नाचा सूर साधारण असा: "गाडी सेल्फला लगेच सुरू होते, उभ्या जागी छान चालते, शहरातही कुरकुर नाही. पण चोर्ला घाट चढायला लागली की दम सोडते. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा फ्युएल पंप बदला. खरंच बदलायचा का?"

बदलायचा असेलही. पण त्याआधी पंप टाकीतून बाहेर काढून त्याला जोडलेली नळी बघायला सांगा. बऱ्याच वेळा आजार त्या बोटभर नळीत असतो आणि बिल मात्र सगळ्या पंपाचं होतं.

तुमच्या बाबांच्या किंवा काकांच्या गाडीला कार्ब्युरेटर होता. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचं. मध्ये एक साधी नळी आणि कॉक. नळी चिरली तर वास यायचा, थेंब दिसायचा, कोपऱ्यावरचे मिस्त्री मामा पाच मिनिटांत दुसरी नळी घालून द्यायचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकली जवळजवळ सरसकट फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इंजेक्टरला पेट्रोल दाबाने लागतं. बऱ्याच गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या पुढच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दीडपट. तो तयार करायला विजेचा पंप हवा, आणि तो पंप बसवतात थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून. पेट्रोलमध्ये विजेची मोटर म्हटल्यावर आजी दचकेल, पण कारण साधं आहे: भोवतालचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, आणि जळायला लागणारी पुरेशी हवा तिथे नसते. म्हणूनच रोज रिझर्व्हवर गाडी पळवणं पंपाला मानवत नाही.

या पंपातून निघालेलं पेट्रोल टाकीच्या बाहेर पडायच्या तोंडापर्यंत नेते ती आपली नळी. काही गाड्यांत ती काळ्या रबराची असते, काहींत वळ्यावळ्यांच्या नायलॉनची. आत पेट्रोल, बाहेरही पेट्रोल, वर उन्हात तापणारी टाकी, खाली इंजिनाचा थरथराट. काही वर्षांनी ती चिरते किंवा टोकाशी सैल होते. गंमत अशी की गळलेलं पेट्रोल टाकीतच परत पडतं, त्यामुळे ना वास, ना थेंब. किल्ली फिरवली की पंपाचा "घूंऽऽ" आवाज येतो, स्पार्क ठीक असतो, मीटरवर दिवाही लागत नाही बहुधा. उभ्या गाडीला पेट्रोल लागतं चमचाभर, तेवढं फुटक्या नळीतूनही पोचतं. घाटात अॅक्सिलरेटर पिळला की मागणी वाढते, दाब पडतो आणि गाडी आचके देते. पंपाची जाळी तुंबली, फिल्टर भरला, बॅटरी मरतुकडी झाली तरी लक्षणं अशीच असतात. म्हणून अंदाजाने पार्ट बदलण्याआधी प्रेशर गेज लावून दाब मोजायला सांगा. गेज नाही म्हणणाऱ्या गॅरेजला पंप बदलायला सांगू नका, हे माझं स्पष्ट मत.

हा प्रश्न आपल्याकडे नवा असला तरी जगात जुना आहे. बीएमडब्ल्यूची के१०० ही मोटारसायकल १९८३ साली आली ती इंजेक्शन आणि टाकीतला पंप घेऊनच. त्या गाड्या आजही हौसेने चालवल्या जातात आणि त्यांच्या मालकांना टाकीतली नळी पाठ असते. त्यांच्या टाकीत पंपाला धरून ठेवणारं रबर वर्षानुवर्षं भिजून डांबरासारखं चिकट होतं, नळीही मऊ पडते. मग कोणी तरी दुकानातून चांगली दिसणारी पेट्रोलची नळी आणून बसवतो आणि काही काळाने पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं.

चूक कुठे होते ते नीट समजून घ्या, कारण आपल्या गल्लीतही तीच होते. पेट्रोलच्या साध्या नळीचा आतला थर पेट्रोल सोसणारा असतो. बाहेरचं आवरण असतं ऊन, धूळ, उष्णता यांच्यासाठी. पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नव्हे. ती टाकीत टाकली की बाहेरून फुगते, मऊ होते आणि तिचा चुरा जाळीत जाऊन बसतो. नळीवर इंग्रजीत छापलेलं असतं ते वाचा. एसएई ३० आर७ म्हणजे कमी दाबाची, कार्ब्युरेटरच्या काळातली. आर९ म्हणजे इंजेक्शनच्या दाबाची, पण टाकीबाहेर वापरायची. टाकीत बुडवायला लागते ती आर१०. ती महाग असते आणि फुटावर विकली जाते. काहीच छापलेलं नसलेली पारदर्शक नळी दाखवली तर हात जोडून परत द्या. आपल्या बेळगावात आणखी एक मोह असतो. उद्यमबागेत हायड्रॉलिक पाइप हवा तितका मिळतो आणि "हा शंभर बार सोसतो, तुझे तीन काय" असं म्हणणारा दोस्तही मिळतो. दाब सोसेल, पण तो पाइप तेलासाठी बनवलेला असतो. पेट्रोल आणि त्यातलं इथेनॉल त्याचं काय करेल याची हमी कोण देणार?

इथेनॉलचा मुद्दा निघालाच आहे तर तेही सांगतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर २०२३ पासून यायला लागलं आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचे रबरी भाग त्याला चालतील असे करण्याचं ठरलं. त्याआधीची इंजेक्शनची गाडी असेल तर नळ्या आणि ओ-रिंग एकदा तपासून घ्या. घाबरून जायचं कारण नाही, पण "सहा वर्षांत उघडलंच नाही" हेही बरं नव्हे.

नळी बरोबर मिळाली तरी क्लिपमुळे घात होतो. पट्टीवर खाचा कापलेली स्क्रूची क्लिप आवळली की रबरात रुतते आणि तिथूनच नळी कापली जाते. कडा वळवलेली, इंजेक्शनसाठीची क्लिप घ्या. आर१० जाड आणि ताठ असते, तिला छोट्या जागेत वळवलं की घडी पडते. वळण तीव्र असेल तर कंपनीचाच तयार भाग लावलेला बरा. पंप परत बसवताना त्याच्या तळाची मोठी ओ-रिंग फुगलेली दिसेल आणि खाचेत मावणार नाही. ती पेट्रोल पिऊन फुगलेली असते. नवी मिळाली तर उत्तम, नाहीतर रात्रभर हवेवर ठेवली की बरीचशी आटते. ओढूनताणून बसवली तर तिथून गळणार हे नक्की.

आतली नळी फुटली तर फार तर घाटात ढकलत जावं लागतं. बाहेरची गोष्ट निराळी. टाकीच्या तळापासून इंजेक्टरपर्यंतची नळी आणि तिचा खटकन बसणारा प्लास्टिकचा कनेक्टर गळला तर दाबाखालचं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडतं. ट्रायम्फच्या ९५५ सीसीच्या आणि बीएमडब्ल्यूच्या आर११५० गाड्यांच्या मालकांनी हे प्लास्टिकचे कनेक्टर काढून धातूचे बसवले ते याच धास्तीने. पेट्रोलचा वास आला तर "घरी जाऊन बघू" नाही. गाडी बंद, किल्ली काढा, लांब उभे राहा.

हे काम घरी करावं का? हात बसलेला असेल तर करा, पण पोर्चमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि आत देवघरात समई असते, स्वयंपाकघरात गॅस. मोकळ्या जागेत, टाकी जवळजवळ रिकामी असताना करा. आधी पंपाच्या वायरचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे नळीतला दाब उतरेल, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. तरी नळी काढताना फडकं गुंडाळा. आणि बाहेर काढलेला पंप बॅटरीला लावून "फिरतो का बघूया" हा खेळ कोणी कितीही आत्मविश्वासाने केला तरी करू देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका. सर्व्हिस सेंटरला दाब मोजून आकडा जॉब कार्डवर लिहायला सांगा.

आर१० घ्यायला जाताना जुनी नळी बरोबर न्या आणि आतला व्यास मोजून घ्या. एका फुटात तीन-चार गाड्यांचं काम होतं, तेव्हा मित्रांनी मिळून मागवा.