गणित कोणाच्या मालकीचे?

संगणकाकडून बीजगणित करवून घेणारी ‘मॅकसिमा’ ही प्रणाली १९६८ पासून अमेरिकेतील एमआयटीत सरकारी पैशावर उभी राहिली. १९८२ मध्ये तिचे व्यापारी हक्क सिम्बॉलिक्स या कंपनीच्या हाती पडले. खर्च जनतेचा आणि नफा खाजगी, हा भांडवलशाहीचा जुनाच न्याय! परंतु टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी ऊर्जाखात्याकडील प्रत वर्षानुवर्षे सांभाळली व १९९८ मध्ये खात्याच्या अनुमतीने ती सर्वांना खुली केली. तीच आजची ‘मॅक्सिमा’.

असे असता जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी ‘मॅथेमॅटिका’च्या परवान्यासाठी पैसे का मोजावेत? बदल केल्यास जुने प्रोग्राम नव्याने लिहावे लागतील, ही अडचण खरी आहे. ते कष्ट थोडे नाहीत. पण कष्ट एकदाचे, परवान्याची खंडणी मात्र कायमची. शिवाय गणितात उत्तराइतकेच सिद्धतेला मोल असते. ज्या यंत्राच्या पोटातील पायऱ्या तपासण्यास मज्जाव आहे, त्याचे उत्तर स्वीकारणे ही श्रद्धा झाली, विज्ञान नव्हे. पायथागोरसच्या सिद्धांताला परवाना लागत नाही. तो पडताळणाऱ्या साधनाला तरी का लागावा?