कुत्र्याची भाकर फोडणीच्या आधी काढा

आज सोयाबीन-तुरीचं काही नाही, राखणीच्या कुत्र्याचं लिहितो.

आमचा वाघ्या वावरात जागलीला असतो. रोही न् रानडुक्कर धुऱ्याच्या आत येऊ देत नाही. मागच्या उन्हाळ्यात घरी पंगत झाली, कांदा-लसणाचा रस्सा पातेलंभर उरला. फेकायचा कशाला म्हणून दोन दिवस भाकर कुस्करून त्यालाच घातला. चौथ्या दिवशी गडी उठेना. लघवी काळ्या चहासारखी, हिरड्या पांढऱ्याफटक. मी म्हटलं गोचीड ताप. डॉक्टरांनी आधी विचारलं, खायला काय घातलं? रक्त तपासलं तर गोचीड तापाचे जंतू नाहीत, तांबड्या पेशीच फुटलेल्या. चूक माझीच.

कांदा-लसणात गंधकाची द्रव्यं असतात. आपल्याला पचतात, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, वाळवून जोर जात नाही, म्हणून कांदा-लसूण मसालाही तसाच. किलो वजनामागं 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसतो. म्हणजे 15 किलोच्या कुत्र्याला दोन-तीन कांदे. लसूण त्याहून कमी पुरतो. रोज थोडं थोडं गेलं तरी साचतं. न् त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो, तोवर आपण रस्सा विसरलेलो असतो.

कोणी म्हणेल, आमच्या आज्यानं जन्मभर उष्टंच घातलं, काय झालं? अहो, तेव्हा उष्टं म्हणजे ताक-भाकर. रोज मसाल्याचा रस्सा होता कुठं? न् वावरात कुत्रं मेलं तर कशानं मेलं हे पाहिलं कोणी? फवारणीचं औषध चाटलं असंल म्हणायचं न् पुरायचं.

मनुके-द्राक्षं किडनी घालवतात, चॉकलेटही नको. जानेवारीत महाप्रसादाच्या पुऱ्या-वांग्याची भाजी घरी आणतो, उरली की कुत्र्यापुढं. वांगं विष नाही, पण पोटभर तेलकट पुऱ्यांनी स्वादुपिंड सुजतं.

असलं काही खाल्लं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, जास्तीचं मीठही कुत्र्याला विषच.

वाघ्या वाचला, पण धावायला लागायला महिना गेला. तेवढ्यात रोह्यांनी मुगाचा एक कोपरा साफ केला. आता घरी फोडणी द्यायच्या आधीच त्याची भाकर न् बिनमिठाचं वरण वेगळं निघतं.