शास्त्रज्ञांची आणेवारी

शास्त्रज्ञाची योग्यता अंकांवरून ठरविण्याचा प्रघात हल्लीं जगभर पडला आहे. त्यानें किती निबंध प्रसिद्ध केले, आणि इतर अभ्यासकांनीं आपल्या लेखनांत त्यांचा उल्लेख किती वेळां केला, याची गणती होते व तीवरून नेमणुका आणि बढत्या ठरतात. अशा उल्लेखांची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांनीं अमेरिकेंत १९६४ सालीं काढली. पुढें २००५ सालीं जॉर्ज हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एकच आंकडा सुचविला. ज्याच्या वीस निबंधांस प्रत्येकीं निदान वीस उल्लेख लाभले, त्याचा अंक वीस. शेतीचे संशोधकही या मोजणींतून सुटलेले नाहींत. म्हणून शेतकरी बंधूंनीं तिचा विचार करणें अगत्याचें आहे.

गणती निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वशिल्यापेक्षां आंकडा केव्हांही बरा. परंतु महसूल खात्यांत उभा जन्म गेल्यामुळें आम्हांस एवढें पक्कें ठाऊक आहे कीं, बांधावर उभें राहून नजरेनें केलेली आणेवारी निराळी आणि खळ्यावर मापलेलें धान्य निराळें.

हें अंतर मिटविण्याचें शास्त्र ज्यांनीं या देशांत रुजविलें, त्यांत कै. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) हे अग्रगण्य होत. सातारा जिल्ह्यांतील बुध हें त्यांचें जन्मगांव. लंडन येथें संख्याशास्त्राचें अध्ययन करून ते परत आले, आणि कृषि संशोधन परिषदेंत असतांना, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडलेल्या शेतांत ठराविक तुकडा आंखून, तेवढेंच पीक कापून व मळून तोलण्याची पद्धत त्यांनीं दृढ केली. तुकडा फार लहान घेतल्यास कडेचीं रोपें आंत धरलीं जातात व उत्पन्न फुगतें, हें त्यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या पत्रांत दाखविलें. नंतर रोम येथील अन्न व शेती संघटनेंत त्यांनीं संख्याशास्त्राचें काम पाहिलें, आणि उत्तर आयुष्यांत पुण्यास राहून आहारशास्त्रांत लेखन केलें.

आतां या एका पुरुषाच्या तीन क्षेत्रांतील कामास एकच माप कसें लावावें? मनुष्याचें शरीर कमीअधिक आहाराशीं कांहीं मर्यादेपर्यंत जुळवून घेतें, हें त्यांचें मत अतिशय गाजलें. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनीं त्यांच्याशीं जाहीर वाद केला. इतरांनींही टीका केली. वादांत खंडन करणारासही उल्लेख करावाच लागतो; आणि गणती तर खंडन व मंडन दोन्ही एकाच खात्यांत जमा करते! शिवाय वैद्यक व आहार या विषयांत निबंधांचें पीक भरघोस येतें, गणितांत तें विरळ असतें. जिराईत आणि बागाईत जमिनीस एकच आकार बसविणाऱ्या कारकुनास आपण काय म्हणूं?

याच्या उलट पीककापणीची गोष्ट पहा. आजही गांवोगांवीं हे प्रयोग होतात, व पीकविम्याची भरपाई ठरवितांना त्यांतून निघालेलें उत्पन्न आधारास घेतलें जातें. तुकडा चुकीचा आंखला तर सबंध मंडळाच्या शेतकऱ्यांचें नुकसान होऊं शकतें. म्हणजे या संशोधनाचा उपयोग लाखों घरांच्या चुलीपर्यंत पोंचला. परंतु तलाठी पंचनामा लिहितो, निबंध लिहीत नाहीं. शेतकरी भरपाई घेतो, उल्लेख करीत नाहीं. सर्वांत मोठा उपयोग सूचींत कोराच राहिला.

यांतला धोका उघड आहे. ज्यास उल्लेखांवर बढती मिळावयाची, तो उल्लेख मिळतील असेच विषय निवडील. कोरडवाहू तुरीवरील मर रोग किंवा खारवट झालेली जमीन यांकडे तो कां वळेल? दोष त्याचा नव्हे, मापाचा आहे.

आमची सूचना साधी आहे. सुखात्म्यांनीं शेतास लावलेली रीतच शास्त्रज्ञास लावावी. त्याच्या निबंधांपैकीं थोडे निवडावे, ते जाणकारांनीं संपूर्ण वाचावे, आणि त्यांतून दाणा किती व भूस किती निघालें हें तोलून पहावें. तसेंच, त्याच्या कामाचा लाभ कोणत्या गांवांस झाला याचाही एक रकाना तक्त्यांत असावा, व तो भरतांना शेतकऱ्यांस विचारावें. नजरेची आणेवारी पिकाला पुरत नाहीं, तर विद्येला ती कशी पुरावी?